रिकामी चर्च, बदलते वापर: रेवदंड्यापासून जुन्या गोव्यापर्यंत

सह्याद्रीतून उतरलेली कुंडलिका कोलाड ओलांडून रोह्याला येते. समोरच्या काठावर अष्टमी. तिथून पुढे नदीला भरती-ओहोटी जाणवू लागते, पात्र रुंदावते, आणि शेवटी उत्तरेला रेवदंडा व दक्षिणेला कोर्लई ठेवून ती समुद्राला मिळते. या मुखाच्या दोन्ही काठांवर पोर्तुगीज काळातल्या चर्चचे अवशेष आहेत. रोहेकर साळावच्या पुलावरून पलीकडे जाताना आणि पेणकर वडखळ, पोयनाड, अलिबाग करत मुरुडला जाताना त्यांच्या अगदी जवळून जातात. बहुतेकांना ते ‘फिरंग्यांचे पडके बांधकाम’ म्हणून माहीत असतात.

वास्तू कोणी बांधली, कधी बांधली, कोणी पाडली, एवढ्यावर तिचा इतिहास सहसा आटोपतो. मधल्या काळात तिथे काय चालले, हे कोणी विचारत नाही. खरे तर वास्तूचे बरेवाईट त्या मधल्या काळातच ठरते. कोकणातली आणि गोव्यातली जुनी चर्च पाहिली की एक गोष्ट ठळकपणे दिसते: ज्यांना काही ना काही वापर मिळत राहिला ती टिकली, आणि ज्यांच्याकडे कोणाचेच काम उरले नाही ती पावसाने आणि झाडांच्या मुळांनी संपवली.

नदीच्या मुखावरचे शहर

चौल हे पोर्तुगीजांच्या फार आधीपासूनचे बंदर. ग्रीक-रोमन लेखकांच्या नोंदींत ते येते, दहाव्या शतकात अरब प्रवासी मसूदी इथे आला होता, आणि पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी इथेच उतरून पुढे बहामनी मुलखात गेला. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला हे बंदर अहमदनगरच्या निजामशाहीकडे होते. पोर्तुगीजांची जहाजे १५०५ पासून इथे येऊ लागली. १५०८ मध्ये याच किनाऱ्यावर इजिप्तच्या सुलतानाच्या आणि गुजरातच्या आरमाराशी त्यांची लढाई झाली. तीत व्हाइसरॉय आल्मैदाचा मुलगा लोरेन्सु मारला गेला. पुढे निजामशाहीच्या परवानगीने १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी खाडीच्या मुखाशी कोट बांधायला घेतला. वरचे चौल निजामशाहीचे आणि खालचे, म्हणजे आजचे रेवदंडा, पोर्तुगीजांचे, अशी दोन शहरे शेजारी शेजारी नांदू लागली.

पोर्तुगीजांचा पाय त्या काळात आतल्या मुलखातही पडला होता. पेणजवळचा सांकशी आणि पनवेलजवळचा कर्नाळा हे किल्ले १५४० च्या सुमारास थोडा काळ त्यांच्या हाती होते. मात्र त्यांची खरी वस्ती आणि त्यांची चर्च किनाऱ्यालाच राहिली.

रेवदंड्याच्या कोटात शहराचे मुख्य चर्च होते. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेसुइट आणि ऑगस्टिनियन या चारही ख्रिस्ती धर्मसंघांचे मठ होते आणि प्रत्येकाला जोडून चर्च होते. एका लहान चॅपेलचा संबंध संत फ्रान्सिस झेवियर यांच्या प्रवचनाशी जोडला जातो. यांतली सर्वांत ठळक खूण म्हणजे फ्रान्सिस्कनांच्या संत बार्बरा चर्चचा मनोरा. लोक त्याला सातखणी म्हणतात. त्याचे वरचे मजले आता उरलेले नाहीत, तरी उरलेला भाग माडांच्या शेंड्यांवर डोके काढून उभा आहे.

चर्च असतानाही कामे अनेक

ही चर्च पूर्वी निव्वळ प्रार्थनेसाठी होती आणि नंतर त्यांचा ‘दुसरा’ वापर सुरू झाला, असे समजणे बरोबर नाही. बांधली त्या दिवसापासून त्यांच्याकडे अनेक कामे होती. जमिनीखाली थडगी असत, म्हणून चर्चची फरसबंदी हेच शहराचे दफ्तर होते. कोण कधी वारले आणि कोणत्या घराण्यातले होते, ते थडग्याच्या शिळेवर कोरलेले असे. मठांत शिक्षण चाले. मनोऱ्यावरची घंटा वेळ सांगे आणि संकटाची वर्दीही देई. समुद्रावरून येणाऱ्या गलबतांना तोच मनोरा ओळखीची खूण होता.

लढाईच्या वेळी चर्चचा किल्ला होई. १५७० च्या अखेरीस मुर्तझा निजामशहाच्या फौजेने चौलला वेढा घातला. त्याच सुमारास विजापूरकर आदिलशहाने गोव्याला वेढा दिला होता. तेव्हा खालच्या चौलच्या वस्तीभोवती पुरती तटबंदी नव्हती. त्यामुळे वस्तीच्या कडेचा फ्रान्सिस्कन मठ आणि आसपासची दगडी घरे हीच संरक्षणाची पहिली फळी ठरली आणि त्यांच्यासाठी घनघोर लढाई झाली. जाड भिंती आणि उंच जागा यांमुळे मठ तोफा ठेवायला सोयीचा होता. १५७१ च्या मध्यावर वेढा उठला. नंतर पोर्तुगीजांनी शहराला भक्कम कोट घातला. ज्या चर्चच्या भिंती मोर्चा म्हणून लढल्या, त्या पुन्हा दुरुस्त होऊन प्रार्थनेला लागल्या.

चर्चची तिसरी भूमिका शिवकाळातल्या एका नोंदीत दिसते आणि तिचा थेट संबंध रोह्याशी आहे. १६७४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला हजर राहण्यासाठी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन मुंबईहून निघाला. या प्रवासाचा वृत्तांत इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याच्या पुस्तकात आला आहे. मंडळी रात्री चौलला पोहोचली तेव्हा पोर्तुगीज शहराचे दरवाजे बंद झालेले होते. म्हणून त्यांनी वेशीबाहेरच्या संत सेबास्टियनच्या चर्चमध्ये मुक्काम केला. पुढे होडीने खाडीतून वर अष्टमीला, तिथून निजामपूर आणि मग रायगड, असा त्यांचा मार्ग होता. गावाबाहेरच्या देवळाच्या ओसरीवर वाटसरूने पथारी टाकावी, तसेच हे. कुंडलिकेची खाडी तेव्हा समुद्रकिनारा आणि स्वराज्याची राजधानी यांना जोडणारा रस्ता होती आणि त्या रस्त्याच्या तोंडाशी असलेले चर्च धर्मशाळेचे काम करत होते.

१७४०: माणसे गेली, भिंती राहिल्या

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीजांचा उत्तर कोकणातला पाया निखळला. पुढच्या वर्षी झालेल्या तहानुसार चौलही मराठ्यांच्या हवाली झाले. दोनशेहून अधिक वर्षांची पोर्तुगीज सत्ता इथे संपली. अधिकारी, सरदार, धर्मगुरू, व्यापारी गोव्याकडे गेले. जाताना मूर्ती, भांडी, कागदपत्रे अशा नेता येण्यासारख्या वस्तू नेल्या गेल्या. वास्तू तेवढ्या मागे राहिल्या.

चर्च कोणीतरी ठरवून उद्ध्वस्त केली म्हणून ती पडली, असा समज आढळतो. काही ठिकाणी तोडफोड झाली हे खरे. परंतु बहुतेक वास्तूंचा शेवट फार संथ झाला, आणि तो कसा झाला हे अवशेषांकडे नीट पाहिले तर वाचता येते.

पोर्तुगीज चर्चचे मुख्यतः दोन भाग असतात. भाविक उभे राहतात तो लांबरुंद दालनाचा भाग आणि त्याच्या टोकाला वेदीचा अरुंद भाग. मोठ्या दालनावर दगडी छत घालणे खर्चाचे आणि अवघड, म्हणून त्यावर लाकडी तुळया आणि कौले. वेदीचा भाग लहान आणि पवित्र, म्हणून त्यावर दगड-चुन्याची गोल कमान. कोकणातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की पावसाळ्यापूर्वी कौले परतावी लागतात. इथे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. दोन-चार वर्षे कौले परतली नाहीत की पाणी आत येते, तुळया कुजतात, आणि छप्पर खाली बसते. छप्पर गेले की भिंतीचा माथा उघडा पडतो. त्यात पाणी मुरते आणि चुना सैल होतो. पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून वड-पिंपळ उगवतात आणि त्यांची मुळे दगडाच्या सांध्यांत शिरून भिंत फोडतात.

म्हणूनच रेवदंड्याला काय आणि वसईला काय, दालनाला छप्पर नाही पण वेदीवरची कमान कित्येकदा अजून शाबूत आहे, असे दृश्य दिसते. यात कोणा शत्रूचा हात शोधायची गरज नाही. दर वर्षी कौले परतणारे हात निघून गेले, एवढेच त्याचे कारण.

छप्पर गेल्यावर दुसरा वापर सुरू होतो, तो दगडांचा. घडवलेला दगड फार मोलाचा असतो. खाणीतून नवा काढून घडवण्यापेक्षा पडक्या भिंतीतला उचलणे स्वस्त पडते. त्यामुळे कोणत्याही ओस शहराचे दगड आसपासच्या घरांत, विहिरींत, बांधांत जाऊन बसतात. तिसरा वापर जमिनीचा. कोटाच्या आतली जमीन सुपीक, पाणी जवळ, आणि वाऱ्याला तटाचा आडोसा. तिथे नारळी-पोफळीच्या वाड्या उभ्या राहिल्या. आज रेवदंड्यातले बरेच अवशेष अशा वाड्यांत आहेत. जिथे मठाचे चौक होते तिथे पाट वाहतात. ही नासाडी आहे असे पटकन वाटते, पण वाडीतल्या माणसाच्या रोजच्या वावरामुळेच तिथे दाट रान माजले नाही आणि पुष्कळशा भिंती निदान दिसत राहिल्या, हेही लक्षात घ्यायला हवे.

कोर्लई: एक चर्च ओस, एक नांदते

खाडीच्या दक्षिणेला कोर्लईचा डोंगर समुद्रात घुसला आहे. त्यावरचा किल्ला निजामशाहीने बांधायला घेतला. चौलच्या तोंडावर शत्रूचा किल्ला पोर्तुगीजांना परवडणारा नव्हता. १५९४ मध्ये त्यांनी तो जिंकून घेतला. दरवाजात जखमी होऊन पडलेल्या हत्तीमुळे दरवाजा बंद करता आला नाही आणि पोर्तुगीज आत शिरले, असे त्या लढाईचे वर्णन आहे. नंतर किल्ल्यात शिबंदीसाठी चर्च बांधले गेले.

१७४० च्या सुमारास किल्ला मराठ्यांकडे आला आणि बुरुजांची नावे बदलली. सॅन दिएगोचा पुस्ती बुरूज झाला, सॅन फ्रान्सिस्कोचा गणेश बुरूज झाला. किल्ल्यात रत्नेश्वराचे मंदिर आहे आणि थोड्याच अंतरावर छप्पर गेलेले चर्च. गडावर जाणाऱ्याला दोन्ही एकाच फेरीत दिसतात.

कोर्लईची खरी गोष्ट मात्र गडाच्या पायथ्याशी आहे. सत्ता गेली, श्रीमंत आणि अधिकारी गेले, पण इथले सामान्य ख्रिस्ती लोक गेले नाहीत. ते शेती-वाडी करत राहिले आणि आपली प्रार्थना जपत राहिले. गावात माउंट कार्मेल मातेचे चर्च आहे आणि ते आजही भरलेले असते. या लोकांची घरातली बोली पोर्तुगीज आणि मराठी यांच्या सहवासातून घडलेली आहे. ती ‘नो लिंग’ म्हणून ओळखली जाते. बोलणारे जेमतेम हजाराच्या आसपास. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लान्सी क्लेमेंट्स यांनी तिच्या घडणीवर १९९६ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पोर्तुगीज सत्तेचा आधार गेल्यावरही गडाखालच्या या वस्तीने बोली आणि उपासना दोन्ही टिकवल्या.

एकाच गावातली ही दोन चर्च शेजारी ठेवून पाहा. गडावरच्या चर्चला तट होता, तोफा होत्या, राजाश्रय होता, पण ते शिबंदीचे होते आणि शिबंदी गेली तसे तेही गेले. गावातले चर्च गावाचे होते, म्हणून ते उरले.

घंटांचा प्रवास

वास्तू हलवता येत नाही, घंटा हलवता येते. वसईच्या मोहिमेनंतर चर्चच्या मोठ्या घंटा मराठी मुलखात आल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळाच्या तटावरील घंटा प्रसिद्ध आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावर देवळाजवळ एक घंटा आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. भीमाशंकरलाही अशीच घंटा टांगलेली आहे.

या घंटा विजयाच्या खुणा म्हणून आल्या, यात शंका नाही. परंतु त्या वितळवून तोफा ओतल्या गेल्या नाहीत, त्यांच्यावरची आकृती किंवा अक्षरे कोणी घासून काढली नाहीत, ही गोष्ट आपण विसरू नये. ज्या कामासाठी त्या ओतल्या होत्या त्याच कामाला त्या लागल्या, देव मात्र दुसरा. आज पोर्तुगीज घंटाकामाचे उत्तम नमुने आपल्याला महाराष्ट्रातल्या देवळांत पाहायला मिळतात. वापर बदलला म्हणून वस्तू वाचली, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

मंडपेश्वर: लेणे, चर्च आणि पुन्हा लेणे

वापर बदलण्याचे सगळेच प्रसंग एवढे सौम्य नव्हते. बोरिवलीजवळचे मंडपेश्वर हे सुमारे आठव्या शतकातले शैव लेणे. सोळाव्या शतकाच्या मध्यास या साष्टी परिसरात फ्रान्सिस्कनांचे काम सुरू झाले, तेव्हा या लेण्यातली पूजा बंद करून तिथे चर्च करण्यात आले. लेण्यावरच्या टेकडीवर मठ आणि विद्यालयाची मोठी इमारत उठली. दर्शनी कातळावर क्रूस कोरला गेला आणि काही शिल्पे भिंत घालून झाकली गेली. हे जबरीने झालेले परिवर्तन होते आणि ते तसेच सांगितले पाहिजे. पोर्तुगीज मुलखात सोळाव्या शतकात अनेक देवळे पाडली गेली, हा इतिहास कोणत्याही चर्चच्या सौंदर्याने झाकला जात नाही.

१७३७ मध्ये साष्टी मराठ्यांकडे आली आणि मठ ओस पडला. इंग्रजी अमलात काही काळ इथे पुन्हा ख्रिस्ती उपासना चालली. पुढे लेणे पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आले. आज तिथे शिवलिंगाची पूजा होते. टेकडीवर विद्यालयाच्या छप्पर नसलेल्या भिंती उभ्या आहेत, आणि जवळच माउंट पोयसरला इमॅक्युलेट कन्सेप्शन मातेचे चर्च परिसरातल्या ख्रिस्ती लोकांचे केंद्र आहे. झाकलेली शिल्पे उघडी झाली तेव्हा नटराजाचा पट बराच सुस्थितीत होता. ज्या भिंतीने त्याला दृष्टीआड केले तिनेच त्याला हवेपासून आणि हातांपासून वाचवले.

मंडपेश्वरात एका कातळाकडे पाहून तीन काळ वाचता येतात. त्यातला एक पुसून दुसरा ठेवायचा, असा हट्ट धरला तर जागेचा अर्थच नाहीसा होईल.

गोवा: वापर शोधणारी शहाणी उदाहरणे

रेवदंड्याची चर्च लढाईच्या परिणामाने रिकामी झाली. जुन्या गोव्याचे मठ मात्र पोर्तुगीज सरकारच्याच हुकमाने रिकामे झाले. पोर्तुगालमध्ये उदारमतवादी सरकार आल्यावर १८३४ मध्ये धार्मिक संघांचे मठ बंद करण्यात आले आणि पुढल्या वर्षी त्याची अंमलबजावणी गोव्यात झाली. एका रात्रीत भव्य वास्तू मालकाविना झाल्या. त्यांचे पुढे काय झाले, याची तुलना उद्बोधक आहे.

मोंते सांतो टेकडीवरचे संत ऑगस्टिनचे चर्च १६०२ मध्ये पूर्ण झाले होते. त्याला नवा उपयोग कोणी शोधला नाही. १८४२ मध्ये छताची कमान कोसळली, १९३१ मध्ये दर्शनी भाग पडला, आणि आज एका मनोऱ्याचा अर्धा भाग तेवढा उभा आहे. त्याची घंटा मात्र काही काळ आग्वादच्या दीपगृहात होती आणि १८७१ पासून पणजीच्या चर्चवर आहे. पणजीत आलेल्या प्रत्येकाने ती पाहिलेली असते.

त्याच टेकडीवर संत मोनिकेचा जोगिणींचा मठ आहे. बांधकाम १६०६ ते १६२७. नवीन जोगिणी घेण्यास बंदी झाली होती, पण ज्या होत्या त्यांना राहू दिले. शेवटची जोगीण १८८५ मध्ये वारली. नंतर तिथे सैनिकांची बराक झाली. १९६४ पासून धर्मभगिनींच्या शिक्षणाची ‘मातेर देई’ ही संस्था तिथे आली, आणि २००२ मध्ये ख्रिस्ती कलेचे संग्रहालय राशोलहून इथे हलवले गेले. इमारत उभी आहे, कारण तिच्यात कोणी ना कोणी सतत राहत होते. संत फ्रान्सिस ऑफ आसिसीच्या चर्चला लागून असलेल्या मठात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे वस्तुसंग्रहालय १९६४ पासून आहे. त्यात हिंदू शिल्पे आहेत, वीरगळ आहेत आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयांची तैलचित्रेही आहेत.

ऑगस्टिन आणि मोनिका: एकच टेकडी, एकच काळ, एकाच हुकमाच्या कचाट्यात सापडलेले दोन मठ. मोनिकेच्या मठाला वापर मिळत राहिला, ऑगस्टिनच्या मठाला नाही. फरक डोळ्यांसमोर आहे.

वसईच्या कोटात याचे आणखी एक रूप दिसते. तिथले बहुतेक मठ ओस आहेत, पण जेसुइटांचे जुने चर्च वसईच्या ख्रिस्ती समाजाने पुन्हा उपासनेला घेतले. त्याला वसईचेच सुपुत्र गोन्सालो गार्सिया यांचे नाव आहे. १५९७ मध्ये जपानमधल्या नागासाकी इथे त्यांना क्रूसावर मारण्यात आले आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. भारतात जन्मलेले हे पहिले कॅथलिक संत. त्यांच्या सणाला आजही कोटात भाविक जमतात.

जगाचा अनुभव

हा प्रश्न केवळ आपला नाही. इस्तंबूलची हागिया सोफिया ५३७ मध्ये चर्च म्हणून उभी राहिली, १४५३ मध्ये मशीद झाली, १९३५ मध्ये संग्रहालय झाली आणि २०२० पासून पुन्हा मशीद आहे. स्पेनमधल्या कॉर्दोबाची मशीद १२३६ पासून कॅथेड्रल आहे. या दोन्ही ठिकाणचे वाद अजून शमलेले नाहीत, पण वास्तू मात्र उभ्या आहेत. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट शहरातले तेराव्या शतकातले डॉमिनिकन चर्च अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच फौजेने घेतले. पुढे ते गोदाम होते, सायकली ठेवण्याची जागा होते. २००६ मध्ये तिथे पुस्तकांचे दुकान उघडले. पुस्तकांची मांडणी दुमजली पोलादी सांगाड्यावर केली आहे. भिंतींना धक्का लागत नाही आणि उद्या तो सांगाडा काढला तर चर्च जसेच्या तसे राहील. जुन्या वास्तूच्या नव्या वापराचा हा पहिला नियम मानला जातो: जे जोडाल ते काढता आले पाहिजे.

रायगड जिल्ह्यापुढचा प्रश्न

रेवदंड्याचा कोट आणि कोर्लईचा किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत आहेत. कायद्याने संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. पाडण्यापासून वाचवायला हा कायदा उपयोगी आहे. पण पावसापासून वाचवायला तो पुरेसा नाही. त्यासाठी दर वर्षी भिंतींवरची झाडे काढणे, उघड्या माथ्यांवर चुन्याचा थर देणे, पाण्याला वाट करून देणे, ही साधी आणि सतत करायची कामे आहेत. सिमेंटने ती करू नयेत. सिमेंट चुन्याइतके श्वास घेऊ देत नाही, ओल आत कोंडते आणि जुना दगड लवकर झिजतो.

हा विषय फक्त चर्चपुरता राहिलेला नाही. याच जिल्ह्यात पेण, अलिबाग, रेवदंडा अशा गावांत बेने इस्रायल समाजाने एकोणिसाव्या शतकात सिनेगॉग बांधली. तेलाचे घाणे चालवणारा, शनिवारी काम बंद ठेवणारा, म्हणून शनिवार तेली म्हणवला जाणारा हा मराठी बोलणारा समाज १९४८ नंतर मोठ्या प्रमाणावर इस्रायलला गेला. जिथे दहा पुरुष जमल्याशिवाय सामूहिक प्रार्थना होत नाही, तिथे दहा माणसे जमणे अवघड झाले. रेवदंड्याच्या चर्चवर १७४० नंतर जी वेळ आली, तीच या वास्तूंवर आपल्या डोळ्यांदेखत येऊ शकते. फरक इतकाच की या वेळी आपल्याला पुढचे दिसते आहे आणि हाताशी वेळही आहे.

म्हणून काही गोष्टी आजच करण्यासारख्या आहेत. प्रत्येक अवशेषाजवळ मराठीत नीट माहिती असलेला फलक हवा. त्यावर बांधणाऱ्याचे नाव असावे आणि नंतरचे वापरही लिहिलेले असावेत. ज्यांच्या वाड्यांतून वाट जाते त्या मालकांना या कामात बरोबर घेतले पाहिजे, कारण पिढ्यान्‌पिढ्या या भिंतींच्या सोबतीने तेच राहिले आहेत. रोहा, पेण, अलिबाग, मुरुड इथल्या शाळांच्या सहलींत रायगडाबरोबर रेवदंडा आणि कोर्लईही असावे. कोर्लईच्या गावकऱ्यांची बोली, गाणी आणि सण यांची नोंद त्यांच्याच मदतीने व्हावी. आणि जिथे छप्पर अजून शाबूत आहे अशा कोणत्याही जुन्या प्रार्थनास्थळाला, ते कोणत्याही धर्माचे असो, ग्रंथालय, संग्रहालय, संगीताचे दालन असा वास्तूला शोभेल आणि मूळ समाजाला मान्य असेल असा वापर शोधावा.

पुढच्या वेळी साळावच्या पुलावरून जाल तेव्हा एक दिवस काढून ठेवा. सकाळी सातखणी पाहा, दुपारी कोर्लईच्या गडावर जा, आणि उतरताना गावातल्या चर्चपाशी थांबा. भिंतींवर नावे कोरू नका, दगड उचलू नका, आणि वाडीतून जाताना मालकाला विचारून जा. या वास्तू कोणी बांधल्या हे आता बदलता येणार नाही, पण पुढची शंभर वर्षे त्यांचे काय होते ते आपल्या हातात आहे.